मुगातल्या भुंगेरा-प्रतिकाराचं शिखर नकाशावर उमटत नाही, किंवा दर वर्षी जागा बदलतं: काय, कशाच्या आधी तपासायचं

साठवलेला मूग पोखरणाऱ्या भुंगेऱ्याला रोखणारं जनुक कुठल्या गुणसूत्रावर आहे ते शोधायला प्रतिकारक आणि बळी पडणाऱ्या मुगाचा संकर करतात, त्याच्या संततीतून निघालेल्या लाईनींची बरणीत चाचणी घेतात आणि ती डीएनएवरच्या खुणांशी, म्हणजे मार्करशी, ताडून नकाशा काढतात. जनुकाजवळ आलेखाला शिखर यायला हवं. ते येत नसेल तर आधी लक्षणं. यातलं एक जरी तुमच्याकडे दिसत असेल तर पुढचं वाचा.

दोन पालकांमधला फरक डोळ्यांना दिसतो. एका बरणीत मुगाचं पीठ झालंय, दुसरीत दाणे जसेच्या तसे. पण दीडशे लाईनींची चाचणी करून एलओडीचा (मार्कर आणि गुण यांच्या नात्याचा पुरावा किती भक्कम ते सांगणाऱ्या आकड्याचा) आलेख काढला की तो जमिनीला चिकटलेला, कुठेच दोनच्या वर जात नाही.

पहिल्या वर्षी शिखर छान उंच आलं. दुसऱ्या वर्षी त्याच लाईनी, तेच मार्कर, आणि शिखर निम्म्यावर आलं किंवा शेजारच्या भागात सरकलं.

प्रतिकारक आणि बळी पडणाऱ्यांचं प्रमाण काही केल्या बसत नाही. एका प्रभावी जनुकासाठी दाण्यांत ३:१ यायला हवं. तुमच्याकडे कधी ५:१, कधी त्याच्या उलट.

मार्कर मिळाला, त्यावरून झाडं निवडली, आणि निवडलेल्या झाडांचे दाणे पावसाळ्यात भुंग्याने पोखरले.

किंवा नकाशाच फुगलाय. मुगाला गुणसूत्रांच्या ११ जोड्या आहेत आणि त्याचे बहुतेक चांगले नकाशे ७०० ते १५०० सेंटिमॉर्गनमध्ये (नकाशावरच्या अंतराचं माप) बसतात. तुमचा तीन हजारांच्या पुढे गेलाय.

गेली चौदा वर्षं मी हेच काम करते. स्वतःच्या पॉप्युलेशनमध्ये (एका संकराच्या संततीच्या संचात) आणि एमएस्सी, पीएचडीच्या मुलामुलींच्या पॉप्युलेशनमध्ये हा बिघाड मी इतक्या वेळा दुरुस्त केलाय की आता कुणी आलेख घेऊन आलं की मी आलेख बघतच नाही, बरण्या बघायला जाते. बहुतेक वेळा दोष बरणीत सापडतो, संगणकात नाही. तरीही प्रत्येक जण पहिला खर्च करतो तो जास्तीच्या मार्करवर. तो पैसा वाया जाऊ नये म्हणून खालचा क्रम पाळा. तो फुकटच्या तपासणीपासून सुरू होतो आणि महागड्या कामावर संपतो.

मूग यासाठी उत्तम पीक आहे, कारण इथे खरं उत्तर बऱ्यापैकी माहीत आहे. मादागास्करहून आलेला टीसी-१९६६ हा रानमूग भुंगेऱ्याला जवळजवळ अजिबात दाद देत नाही. अळी दाण्यात शिरते आणि आतच मरते. १९९२ साली नेव्हिन यंग आणि सहकाऱ्यांनी फक्त ५८ एफ-२ (संकराच्या दुसऱ्या पिढीतली) झाडं आणि १५३ आरएफएलपी (जुन्या पद्धतीचे डीएनए) मार्कर वापरून हे जनुक एकाच जागी बसवलं. सगळ्यात जवळचा मार्कर ३.६ सेंटिमॉर्गनवर होता. पुढे व्ही-२७०९, व्ही-२८०२ अशा लागवडीच्या मुगातही प्रतिकार मिळाला आणि पाचव्या गुणसूत्रावरच्या पीजीआयपी (पॉलिगॅलॅक्टुरोनेज या विकराला रोखणारी प्रथिनं बनवणाऱ्या) जनुकांकडे बोट गेलं. म्हणजे ५८ झाडांत जे दिसलं ते तुमच्या दीडशेत दिसत नसेल, तर मार्कर कमी पडतायत हे कारण बहुधा नाही.

१. शिखर खरंच हललंय, की फक्त नाव बदललंय?

याला दहा मिनिटं लागतात आणि एक पैसाही लागत नाही. १९९२ च्या नकाशात हे जनुक आठव्या लिंकेज गटावर (एकत्र वारशाने जाणाऱ्या मार्करांच्या गटावर) आहे. आज आपण संदर्भ जीनोमच्या (प्रमाण म्हणून धरलेल्या संपूर्ण डीएनए-क्रमाच्या) क्रमांकाने पाचवं गुणसूत्र म्हणतो ते तेच. जुन्या गटांचे आणि आताच्या गुणसूत्रांचे आकडे जुळत नाहीत. मुगाचा संदर्भ जीनोम २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या आवृत्त्यांमध्येही मार्करचे पत्ते बदलले. एका मुलीने सहा महिने 'नवीन जागा सापडली' म्हणून लिखाण केलं होतं. मार्करचे प्रायमर (मार्कर उचलणारे डीएनएचे छोटे तुकडे) नव्या आवृत्तीवर परत जुळवून पाहिले तर जागा तीच निघाली. दोन वर्षांचे आलेख एकमेकांवर ठेवण्याआधी दोन्हींचे पत्ते एकाच आवृत्तीत आणा.

२. चेकच्या बरण्या

रजिस्टर काढा आणि बळी पडणाऱ्या चेकचे (तुलनेसाठी ठेवलेल्या, हमखास पोखरल्या जाणाऱ्या वाणाचे) आकडे वेगळे लिहा. मी चेक म्हणून कोपरगाव वापरते, तुम्ही तुमच्याकडचा नेहमीचा वाण घ्या. त्याच्या प्रत्येक बरणीत ज्या दाण्यांवर अंडी होती त्यातले ८०-९० टक्के दाणे पोखरलेले हवेत. नसतील तर त्या तुकडीतल्या कुठल्याही लाईनीला 'प्रतिकारक' म्हणण्याचा अधिकार तुम्हाला नाही. तिथे भुंगेऱ्याचाच उपवास झाला होता.

मुलं चेकची एकच बरणी ठेवतात आणि तीही रॅकच्या टोकाला. प्रत्येक फळीवर एक चेक ठेवा. आमच्याकडे एकदा खिडकीकडच्या फळीवरच्या सगळ्या लाईनी प्रतिकारक निघाल्या. मे महिना होता, दुपारी त्या फळीवर ऊन यायचं आणि अंडी भाजून निघायची. त्या फळीवर चेक असता तर पहिल्या आठवड्यातच कळलं असतं.

३. भुंगेरा कोणता, आणि कुठला

बाजारातून किडका मूग आणून त्यातले भुंगेरे सोडायचे, ही सवय मोडा. आपल्याकडे दोन जाती सरमिसळ सापडतात: कॅलोसोब्रुकस चायनेन्सिस आणि कॅलोसोब्रुकस मॅक्युलेटस. साध्या भिंगाखाली फरक कळतो. चायनेन्सिसच्या नराच्या मिशा कंगव्यासारख्या असतात आणि मानेमागच्या ढालीच्या मागच्या कडेला मधोमध दोन पांढरे उंचवटे ठळक दिसतात. मॅक्युलेटसच्या मिशा नुसत्या करवतीसारख्या असतात आणि पाठीच्या पंखांवर मोठे काळे डाग असतात.

हे इतकं महत्त्वाचं का? दोन्ही जातींना एकच दाणा सारखा वाटत नाही. लागवडीचा उडीद चायनेन्सिसला चांगला विरोध करतो, पण मॅक्युलेटस त्यात आरामात वाढतो. पहिल्या वर्षी एक जात आणि दुसऱ्या वर्षी दुसरी किंवा मिसळ वापरली, तर शिखर हलणारच. तुम्ही दोन वेगळे गुण मोजलेत आणि दोन्हींना एकच नाव दिलंत.

दुसरी गोष्ट गर्दीची. मॅक्युलेटसच्या वाढवणीत फार गर्दी झाली की उडणारा प्रकार तयार होतो. हे भुंगेरे चपळ असतात आणि अंडी कमी घालतात. झाकण उघडल्यावर भुंगेरे हातावर न चालता सरळ उडायला लागले तर ती बरणी चाचणीला घेऊ नका. नवे दाणे, कमी भुंगेरे अशी एक पिढी पुन्हा काढा.

तिसरी गोष्ट बरणीच्या तळाशी बघा. भुंगेऱ्यांच्या जोडीला बारीक काळ्या, कमरेला बारीक, मुंगीएवढ्या माशा फिरताना दिसतात का? त्या भुंगेऱ्याच्या अळ्यांवर जगणाऱ्या परोपजीवी माशा आहेत. त्या शिरल्या की बळी पडणाऱ्या लाईनीतूनही भुंगेरे कमी निघतात आणि ती लाईन प्रतिकारक ठरते. जाळी नको, दाट विणीचं मलमल बांधा. लागण झालेली वाढवणी सरळ जाळून टाका. वाचवायचा मोह होतो, पण त्या परत येतातच.

४. दाणे

चाचणीआधी दाणे कुठे होते आणि त्यांना काय लावलं होतं, हे विचारा. मी हा प्रश्न तिसऱ्या भेटीत विचारायचे, आता पहिल्या भेटीत विचारते. एक विद्यार्थी गावाकडून जुना मूग घेऊन आला होता. त्याच्यावर अंडी टिकतच नव्हती, दुसऱ्या दिवशी बरणीच्या तळाशी सांडलेली दिसायची. आम्ही सगळे हरखलो. मग कळलं की त्याच्या आईने वर्षाचा मूग भरताना नेहमीप्रमाणे एरंडेल चोळलं होतं. त्या माउलीने दाणे राखले होते. त्यात जनुकाचा काही भाग नव्हता. तेल, राख, कडुनिंबाचा पाला, बियाण्याला लावलेलं औषध, यातलं काहीही लागलेला दाणा चाचणीला चालत नाही.

उलट बाजूही बघा. भुंगेऱ्याची लागण शेतातच, पिकत्या शेंगेवर सुरू होते. दाणा तुमच्याकडे येतो तेव्हा आत अळी असू शकते. तशी असली तर प्रतिकारक लाईनीतही भोक दिसेल आणि तुम्ही तिला बाद कराल. म्हणून मळणीनंतर सगळे दाणे एकत्र, एकाच तारखेला, उणे २० अंशात आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर दाण्यांवर पाणी धरतं आणि बुरशी येते. मग सगळ्या लाईनी आठ-दहा दिवस एकाच खोलीत उघड्या ठेवा म्हणजे ओलावा सारखा होतो. मी १०-१२ टक्क्यांवर आणते.

इथे एक सक्त सूचना. दाण्यातली कीड मारायला ॲल्युमिनियम फॉस्फाईडची गोळी प्रयोगशाळेत स्वतः वापरू नका. त्यातून निघणारा फॉस्फीन वायू माणसाला मारतो आणि ती गोळी वापरायची परवानगी फक्त प्रशिक्षित लोकांनाच असते. गोदामभर दाणे असतील तर त्या माणसाला बोलवा. पाव-पाव किलोच्या पुड्यांना डीप फ्रीझर पुरे.

५. तुम्ही मोजताय काय?

मुगातला टीसी-१९६६ चा प्रतिकार अंडी घालू न देण्याचा नाही. भुंगेरी त्यावरही अंडी घालते. अळी आत गेल्यावर मरते. म्हणून अंडी मोजून हा प्रतिकार दिसत नाही. अंडी, उबलेली अंडी, बाहेर पडलेले भुंगेरे आणि बाहेर पडायला लागलेले दिवस हे चार आकडे वेगवेगळे लिहा.

उबलेलं अंडं ओळखायला दाणा दिव्याजवळ धरा. ताजं आणि न उबलेलं अंडं चकचकीत, आरपार दिसतं. टरफलावर पाण्याचा थेंब सुकल्यासारखं वाटतं. अळी दाण्यात शिरताना मागे टाकलेल्या भुश्शाने अंडं भरतं आणि दुधी पांढरं होतं. तोच पांढरा ठिपका तुमचा खरा आरंभबिंदू. ज्या दाण्यावर पांढरा ठिपका नाही तो दाणा हिशेबात धरायचाच नाही. त्याला भुंगेऱ्याने तोंड लावलेलं नाही, मग तो प्रतिकारक आहे की नाही हे कसं कळणार?

रानमुगाच्या लाईनींचे दाणे बारीक असतात. एका बारीक दाण्यावर पाच-सहा अंडी पडली तर अळ्या एकमेकींच्या तोंडचा घास काढतात आणि भुंगेरे कमी निघतात. दाण्याच्या आकाराची शिखरं मग प्रतिकाराची म्हणून छापली जातात. दोन-तीन अंडी झाली की भुंगेरे काढून घ्या.

आणि मोजणी घाईने बंद करू नका. ३० अंशाच्या आसपास एक पिढी साधारण तीन-साडेतीन आठवड्यांत पूर्ण होते. काही लाईनींत अळी मरत नाही, नुसती रेंगाळते. तिसाव्या दिवशी मोजलं तर ती लाईन प्रतिकारक, पंचेचाळिसाव्या दिवशी मोजलं तर बळी पडलेली. दोन्ही तारखांना मोजा आणि दोन्ही स्तंभ ठेवा.

६. पान एका पिढीचं, दाणा दुसऱ्या पिढीचा

हा मुद्दा मला सगळ्यात जास्त तळमळीने सांगायचा आहे, कारण हुशार मुलं इथेच अडकतात आणि दोष शोधत वर्षभर भलतीकडे फिरतात.

डीएनए तुम्ही एफ-२ झाडाच्या पानातून काढता. भुंगेरा खातो त्या झाडावर लागलेला दाणा. दाण्याचं टरफल आईचं, म्हणजे एफ-२ चंच. पण आतली डाळ पुढच्या पिढीची, एफ-३ ची. टीसी-१९६६ चा प्रतिकार डाळीत आहे. ज्या झाडात जनुकाच्या दोन्ही प्रती वेगवेगळ्या आहेत, त्या झाडाच्या दाण्यांत तीन प्रतिकारक आणि एक बळी पडणारा असं आपोआप वाटप होतं.

आता हिशेब मांडा. अशा झाडाचे ५० दाणे घेतले तर सरासरी १२-१३ दाणे पोखरले जातील. पण नुसत्या योगायोगाने हा आकडा ६ पासून १९ पर्यंत कुठेही जाऊ शकतो. म्हणजे १२ टक्क्यांपासून ३८ टक्क्यांपर्यंत. तुम्ही जर '२० टक्क्यांच्या आत म्हणजे प्रतिकारक' अशी रेघ मारली असेल, तर ही झाडं कुठल्या बाजूला पडतील हे नशिबावर ठरतं. आणि एफ-२ मध्ये निम्मी झाडं अशीच असतात. निम्म्या पॉप्युलेशनचं लेबल नाणं उडवून लावल्यावर एलओडी सपाट न होऊन काय करेल? ३:१ न बसण्याचं कारणही बहुतेक वेळा हेच.

दुरुस्ती तीन प्रकारे होते. हाताशी असलेले आकडेच वाचवायचे असतील तर रेघ पुसा. टक्केवारी तशीच ठेवा, तिचा स्तंभालेख काढा आणि शून्याजवळ, पंचवीसच्या आसपास आणि वर नव्वदीत असे तीन ढीग दिसतात का बघा. १:२:१ जुळलं तर तुमची चाचणी उत्तम होती, चूक फक्त रेघेची होती. दुसरा प्रकार एकेका दाण्याचा. चाचणीआधी दाण्याच्या डाळीची, अंकुराच्या विरुद्ध टोकाची बारीक चकती काढून तिचा डीएनए घ्यायचा आणि तोच दाणा भुंगेऱ्याला द्यायचा. कापलेल्या जागी मात्र भुंगेरीचं वागणं बदलतं, म्हणून चेकचे दाणेही तसेच कापा. तिसरा प्रकार वेळखाऊ पण भरवशाचा: एकेका दाण्याने पिढ्या पुढे नेऊन आरआयएल (स्वपरागणाने स्थिर झालेल्या लाईनी) करा. तिथे झाड आणि दाणा यांची जनुकं जवळजवळ एकच होतात आणि दरवर्षी तीच चाचणी पुन्हा करता येते.

एक पळवाट मात्र घेऊ नका. चाचणीत वाचलेले दाणे पेरून त्यांच्या रोपांतून डीएनए काढणं. पोखरलेले दाणे बहुतेक उगवत नाहीत, म्हणजे तुमच्या यादीत फक्त जिंकलेले उरतात. हरलेल्यांशिवाय नकाशा निघत नाही.

७. पॉप्युलेशनमधून कोण गळालं?

मुगाचं फूल उमलायच्या आधीच स्वतःचं परागण उरकतं. संध्याकाळी कळीतले पुंकेसर काढायला उशीर झाला की दुसऱ्या सकाळी लावलेला रानमुगाचा पराग उपरा ठरतो. एफ-१ म्हणून वाढवलेलं झाड आईचंच लेकरू निघतं. बापाची पट्टी दाखवणारे दोन-तीन एसएसआर (डीएनएतल्या छोट्या पुनरावृत्तींवरचे) मार्कर लावून प्रत्येक एफ-१ तपासा. काही शे रुपयांत दोन वर्षं वाचतात.

रानमुगाच्या संकरात आणखी दोन गळत्या असतात. रानमुगाचं टरफल कठीण असतं, पाणी शोषत नाही. दाण्यांना पॉलिशपेपरवर न घासता पेरलं तर कठीण टरफलाची रोपं उगवतच नाहीत आणि त्या जनुकांच्या शेजारचे सगळे मार्कर आईच्या बाजूला झुकतात. दुसरी गळती शेंगा फुटण्याची. रानटी बाजूच्या लाईनींच्या शेंगा काढणीआधी तडकतात आणि दाणे मातीत जातात. त्या लाईनींना चाचणीपुरते ५० दाणे मिळत नाहीत, तुम्ही त्यांच्यापुढे रिकामी जागा सोडता. पण ती रिकामी जागा काही यदृच्छेने पडलेली नाही, रानटी जनुकांकडूनच पडलेली आहे. शेंग काळी पडायला लागली की एकेक करून तोडा. काम जिकिरीचं आहे, पहाटे दव असताना तोडलं तर कमी फुटतात.

८. लेबलं आणि प्लेट

डीएनएचे नमुने ठेवायची ९६ खड्ड्यांची प्लेट उलटी ठेवली तर पहिला नमुना शेवटचा होतो. रोपांच्या पाटीवर पावसाने ६ चा ९ होतो. यावर माझी एक युक्ती आहे. भुंगेऱ्याआधी असा एखादा गुण नकाशावर बसवा जो डोळ्यांनी दिसतो आणि एका जनुकाने चालतो. दोन पालकांत कोंबाच्या दांड्याचा रंग जांभळा आणि हिरवा असा वेगळा असेल तर तोच घ्या. त्याचं शिखर सुईसारखं टोकदार, एकाच जागी यायला हवं. ते आलं तर डीएनए, लेबलं आणि नकाशा तिन्ही ठीक आहेत, दोष भुंगेऱ्याच्या चाचणीत आहे. ते बुटकं किंवा पसरट आलं तर लेबलं सरकली आहेत. या एका पेरणीने दोष कुठल्या खोलीत आहे ते कळतं. प्रत्येक प्लेटमध्ये दोन्ही पालक ठरलेल्या खड्ड्यांत आणि एक खड्डा मुद्दाम रिकामा, तोही मधोमध नाही.

९. फुगलेला नकाशा

इथून पुढे संगणक. एखाद्या मार्करचं एक चुकीचं वाचन म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक खोटी अदलाबदल. ढोबळ हिशेब असा की मार्करमध्ये एक टक्का चुका असतील तर प्रत्येक मार्करमागे नकाशा सुमारे २ सेंटिमॉर्गनने लांबतो. ३०० मार्कर असतील तर ६०० सेंटिमॉर्गन नुसत्या चुकांचे. म्हणून जास्त मार्कर घातल्यावर नकाशा सुधारायच्या ऐवजी बिघडतो. ज्या मार्करमध्ये रिकाम्या जागा जास्त आहेत ते काढा, एकमेकींशी जवळजवळ शंभर टक्के जुळणाऱ्या दोन लाईनी शोधा, कारण ती बहुधा एकच लाईन दोनदा भरलेली असते. आरआयएल असतील तर प्रत्येक लाईनीतला मिश्र भाग (जिथे दोन्ही पालकांच्या प्रती अजून आहेत तो) बघा. एफ-८ ला तो सरासरी एक टक्क्याच्या आत हवा. वीस टक्के दिसला तर त्या लाईनीत परकं बियाणं शिरलंय.

१०. विश्लेषणाची पद्धत

भुंगेऱ्याचे आकडे घंटेच्या आकारात बसत नाहीत. एका टोकाला शून्य, दुसऱ्या टोकाला शंभर. नेहमीचं मॉडेल त्यावर घसरतं. आर-क्यूटीएल या संगणक-प्रणालीत द्विपर्यायी (हो-नाही) आणि अप्राचलिक (आकड्यांचा ठरावीक आकार गृहीत न धरणारी) अशा दोन्ही पद्धती आहेत, त्या चालवून बघा. शिखर खरं मानायचा एलओडीचा उंबरठा ३ असा डोळे मिटून धरू नका, तुमच्याच आकड्यांची हजार वेळा फेरमांडणी करून काढा. दोन वर्षांची सरासरी काढून शिखर वाचवायचा प्रयत्न करू नका. वर्षं वेगळी ठेवा.

शिखर दुसऱ्या वर्षी निम्म्यावर आलं असेल आणि वरचं सगळं ठीक असेल, तर पहिल्या वर्षीचं शिखरच फुगलेलं असण्याची शक्यता मोठी. छोट्या पॉप्युलेशनमध्ये जे परिणाम उंबरठा ओलांडतात ते खऱ्यापेक्षा मोठे दिसतात. बीव्हिस यांनी १९९० च्या दशकात हे दाखवून दिलं. याला मार्कर नाही, लाईनी वाढवणं हाच इलाज.

११. मार्कर खरा, तरी दाणे पोखरले

मार्कर म्हणजे जनुकाचा शेजारी. ३.६ सेंटिमॉर्गनवर असेल तर दर पिढीत शंभरातल्या साडेतीन युग्मकांत (पराग-बीजांडातल्या जननपेशींत) दोघांची ताटातूट होते. दोन्ही बाजूंचे मार्कर घेऊन निवड करा. टीसी-१९६६ मध्ये याचं बोलकं उदाहरण आहे. त्याच्या दाण्यात व्हिग्नॅटिक आम्लं नावाची संयुगं मिळाली, ती प्रतिकाराच्या जागेला इतकी चिकटून होती की तीच कारण वाटली. १९९८ साली कागा आणि इशिमोतो यांनी ताटातूट झालेली झाडं शोधून दाखवलं की मुख्य कारण ती नाहीत. लागवडीच्या व्ही-२८०२ मधला मार्कर रानमुगाच्या संकरात लावण्याआधीही तुमच्या दोन पालकांत तो फरक दाखवतो का, हे पहिल्यांदा बघा.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

भिंगाखाली दोन जातींचा निकाल लागत नसेल तर तिथेच थांबा आणि कीटकशास्त्रज्ञाकडे अल्कोहोलमध्ये बुडवलेले नर-मादी घेऊन जा. जातीबद्दल शंका असताना चाचणी सुरू करू नका.

दृश्य गुणाचं शिखर टोकदार येतं, चेक दोन्ही वर्षी ९० टक्के पोखरले जातात, तरी प्रतिकाराची तीन-चार छोटी शिखरं इकडेतिकडे दिसतात, असं असेल तर तुमचा प्रतिकार एका जनुकाचा नाही. संख्याशास्त्रज्ञाशिवाय पुढे जाऊ नका. हरभऱ्यातली घाटेअळी किंवा तुरीतली शेंगा पोखरणारी अळी यांच्याबद्दल तर पहिल्या दिवसापासून त्याला सोबत घ्या. तिथे शेतातली लागण एका कोपऱ्यात जास्त, दुसऱ्यात कमी असते. लवकर फुलणारी लाईन अळीच्या आधी निसटते आणि फुलोऱ्याच्या जनुकाचं शिखर प्रतिकाराचं म्हणून मिरवतं. फुलोऱ्याची तारीख सोबत नोंदवली नसेल तर ते आकडे वाचवता येत नाहीत.

जागा काही शे किलोबेसपर्यंत (एक किलोबेस म्हणजे डीएनएची हजार अक्षरं) आली आणि आत आठ-दहा जनुकं उरली की हे काम सिक्वेन्सिंग आणि जीनोम वाचणाऱ्या माणसाचं. अंदाजाने एक जनुक उचलू नका.

आणि रानमुगापासून काढलेली लाईन खाण्यात किंवा शेतकऱ्याच्या हाती जाणार असेल, तर अन्न-विषशास्त्राच्या प्रयोगशाळेचा अहवाल आल्याशिवाय ती कुणाच्या ताटात जाऊ देऊ नका. जे अळीला मारतं ते माणसाला अपायकारक नाही हे तिथेच सिद्ध होतं. घरी वरण करून बघणं म्हणजे चाचणी नव्हे. हे मला दोनदा सांगावं लागलंय.

जाताना सरासऱ्या नेऊ नका. बरणीगणिक मूळ आकडे, चेकचे आकडे फळीच्या क्रमांकासकट, भुंगेरे कुठल्या पिढीचे होते ती नोंद, दाणे फ्रीझरमध्ये टाकल्याची तारीख आणि पांढऱ्या ठिपक्यांचे दोन-चार जवळून काढलेले फोटो न्या. तेवढ्यावर समोरचा माणूस अर्ध्या तासात सांगू शकतो की नव्याने पेरायचं, की आहे त्यातूनच काढता येईल.